माझ्या लॅपटॉपवर तर चालत होतं!

डेटाबेस बसवताना एक पान आपण सगळेच न वाचता ‘नेक्स्ट’ करतो. त्याच पानामुळे एखाद्याचं नाव यादीतून गायब होऊ शकतं.

विंडोजवर पोस्टग्रेस टाकलंय कधी? टाकलंच असेल, डीबीएमएसच्या प्रॅक्टिकलला सुटका नसते. इन्स्टॉलर आधी पासवर्ड विचारतो, मग पोर्ट (५४३२, तसंच ठेवतो आपण), आणि मग एक पान येतं ‘लोकॅल’ नावाचं. समोर एक लांबलचक यादी आणि वर आधीच निवडून ठेवलेलं ‘डिफॉल्ट लोकॅल’. तुम्ही काय करता? मी जे केलं तेच. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश.

(उच्चार लोकॅल बरं का. लोकल ट्रेनशी याचा काही संबंध नाही, जरी दोन्ही ठिकाणी चुकीची पकडली की भलत्याच ठिकाणी उतरावं लागतं.)

माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट सांगते. आम्ही एका संस्थेसाठी शिष्यवृत्तीच्या अर्जांचं सॉफ्टवेअर करत होतो. मी नवी, त्यामुळे माझ्या वाट्याला टेस्ट लिहायचं काम आलं. एक टेस्ट अगदी साधी होती: पाच अर्जदार भरायचे, नावानुसार यादी मागवायची आणि क्रम तपासायचा. माझ्या लॅपटॉपवर हिरवी. रात्री बिल्ड सर्व्हरवर लाल. सकाळी पुन्हा माझ्याकडे हिरवी. मी दोन दिवस कोडमध्ये बग शोधत होते. कोडमध्ये बग नव्हताच. एका अर्जदाराचं इंग्रजी नाव मी घाईत लहान लिपीत ‘अमृता’ असं टाइप केलं होतं आणि दुसरीचं कॅपिटलनं सुरू होणारं ‘झीनत’. लॅपटॉप म्हणत होता, आधी अमृता. सर्व्हर म्हणत होता, आधी झीनत. आणि गंमत म्हणजे दोघंही बरोबर होते.

शेजारच्या सीनियरनं एकच प्रश्न विचारला, “तुझ्या मशिनचं लोकॅल काय, आणि सर्व्हरचं काय?” मला दोन्ही माहीत नव्हतं.

तर आधी हे दोन शब्द वेगळे करू, कारण कॉलेजात ते एकाच श्वासात उरकले जातात. एन्कोडिंग म्हणजे अक्षर डिस्कवर कोणत्या बाइटमध्ये लिहायचं याचा करार. यूटीएफ-८मध्ये रोमन ‘ए’ला १ बाइट लागतो, आपल्या ‘क’ला ३ आणि इमोजीला बहुतेक वेळा ४. लोकॅल म्हणजे त्या अक्षरांशी वागायचं कसं: कोण आधी, कोण नंतर, कशाचं कॅपिटल काय, अक्षर कशाला म्हणायचं आणि चिन्ह कशाला. यातल्या क्रमाच्या नियमांना कोलेशन म्हणतात. एन्कोडिंग चुकलं तर मजकूर बिघडतो आणि ते लगेच दिसतं. लोकॅल चुकलं तर मजकूर शाबूत राहतो, फक्त उत्तर वेगळं येतं. म्हणून ते जास्त उशिरा सापडतं.

आता हे डिफॉल्ट येतं कुठून? पोस्टग्रेस नवा क्लस्टर तयार करतं तेव्हा, तुम्ही काही सांगितलं नाही तर, ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या वातावरणाकडे बघतं. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू होतं, भाषा इंग्रजी-भारत, एन्कोडिंग यूटीएफ-८. बिल्ड सर्व्हर हा उघडाबोडका लिनक्स होता, त्यात भाषेचं सेटिंग कुणी केलंच नव्हतं. अशा वेळी मिळतं ‘सी’ लोकॅल. सी भाषेतला सी. या लोकॅलला माणसांची कोणतीच भाषा कळत नाही, ते फक्त बाइटचे आकडे बघतं. रोमन लिपीत सगळी कॅपिटल अक्षरं सगळ्या लहान अक्षरांच्या आधी येतात, म्हणून झीनत अमृताच्या आधी.

आणि खरी मेख पुढे आहे. नुसतं ‘सी’ लोकॅल मिळालं की पोस्टग्रेस एन्कोडिंगही त्यावरूनच ठरवतं, ते म्हणजे ‘एसक्यूएल-आस्की’. नाव भारदस्त आहे, अर्थ मात्र ‘जे येईल ते घेतो, तपासत काही नाही’. अशा डेटाबेसला ‘ज्ञानेश्वर’ या नावाची लांबी विचारा. तो ३० सांगेल. यूटीएफ-८च्या डेटाबेसला विचारा, तो १० सांगेल. तुम्हाला स्वतःला विचारा, तुम्ही ४ सांगाल: ज्ञा, ने, श्व, र. तिघांचंही मोजणं आपापल्या जागी बरोबर. बाइट ३०, युनिकोडचे संकेतांक १० (ज, पाय मोडायचा हलन्त, ञ, काना... असे सुटे मोजून), आणि डोळ्यांना दिसणारी अक्षरं ४. आता ‘नाव जास्तीत जास्त २० अक्षरांचं’ अशी टेस्ट तुम्ही लिहिली असेल, तर ती कोणत्या मशिनवर पास होणार?

ओरॅकलमध्ये तर हा प्रकार अजून चवदार होतो. तिथे मजकुराच्या रकान्याला ३० लिहिलं, की डिफॉल्ट अर्थ ३० बाइट. म्हणजे ज्ञानेश्वर बरोबर मावतो. ज्ञानेश्वरी मावत नाही, एका वेलांटीसाठी ३ बाइट कमी पडतात. मायएसक्यूएलमध्ये ‘लेंथ’ बाइट मोजतं, पोस्टग्रेसमध्ये त्याच नावाचं फंक्शन अक्षरं मोजतं. प्रोजेक्टच्या मध्यात एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर उडी मारणाऱ्या ग्रुपनी हे लक्षात ठेवा. व्हायवाच्या आदल्या रात्री कळलं तर फार त्रास होतो.

मायएसक्यूएलचा विषय निघालाच आहे तर त्याचीही कुंडली सांगते. हे सॉफ्टवेअर स्वीडनमध्ये जन्मलं. म्हणून कित्येक वर्षं त्याचं डिफॉल्ट एन्कोडिंग होतं लॅटिन-१ आणि डिफॉल्ट क्रम स्वीडिश. म्हणजे साताऱ्यातला पोरगा ‘नेक्स्ट-नेक्स्ट’ करून डेटाबेस उभा करायचा आणि त्याची यादी स्टॉकहोमच्या नियमानं लागायची. २०१८मध्ये ८.० ही आवृत्ती आली तेव्हा हे डिफॉल्ट बदललं. पण जुने सर्व्हर, जुने ट्यूटोरियल आणि जुन्या सीनियरनी दिलेल्या स्क्रिप्ट अजून फिरतातच.

लॅटिन-१च्या रकान्यात मराठी घालायला गेलात तर दोनपैकी एक होतं. डेटाबेस बऱ्या सेटिंगमध्ये असेल तर सरळ एरर देतो. तो तुमचा मित्र समजा. सैल सेटिंगमध्ये असेल तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतो. ‘????’ असं प्रमाणपत्र तुम्ही कुठेतरी बघितलं असेल. ती प्रश्नचिन्हं परत अक्षरं होत नाहीत, मूळ बाइट गेलेच. याउलट कधी कधी डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’, शेजारी चार काटे फुटलेलं गोल चिन्ह, मध्येच जपानच्या येनचं चिन्ह, असा कचरा दिसतो. तो बघून घाबरू नका. देवनागरीचं यूटीएफ-८ कुणीतरी लॅटिन-१ समजून वाचतंय, एवढंच. बाइट सहसा शाबूत असतात, नीट उलट फिरवले तर मराठी परत मिळते. प्रश्नचिन्ह दिसलं तर वाईट, येन दिसला तर आशा आहे, हे माझं घरगुती गणित.

आणि मायएसक्यूएलमधला ‘यूटीएफ-८’ हा बराच काळ खरा यूटीएफ-८ नव्हताच. तो फक्त ३ बाइटपर्यंतची अक्षरं घ्यायचा. मराठीला ३ बाइट पुरतात, त्यामुळे आपल्याकडे टेस्ट मस्त पास व्हायच्या. मग एखादी मुलगी अर्जात ‘थँक यू’ लिहून पुढे हात जोडल्याचा इमोजी टाकायची आणि अख्खा अर्ज एरर देऊन पडायचा. ४ बाइटवाला खरा प्रकार २०१०मध्ये आला, ‘यूटीएफ-८ एमबी-४’ या नावानं. नवीन टेबल करताना तोच लिहा. नाव विचित्र आहे, इलाज नाही.

माझ्या गोष्टीकडे परत येते. लोकॅलचा घोळ कळल्यावर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण बहुतेक जण तेच करतात. मी सगळीकडे ‘सी’ करून टाकलं. लॅपटॉपवर सी, बिल्ड सर्व्हरवर सी. एन्कोडिंग तेवढं शहाणपणानं यूटीएफ-८ ठेवलं. सगळ्या टेस्ट हिरव्या! मी चहा प्यायला गेले.

तसं बघितलं तर ‘सी’च्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. ते झटपट चालतं आणि सगळ्या मशिनवर एकच उत्तर देतं. ऑपरेटिंग सिस्टिम बदलली तरी त्याचा क्रम बदलत नाही. हा शेवटचा मुद्दा किती मोठा आहे ते २०१८मध्ये जगानं बघितलं. लिनक्समधल्या ‘जी-लिब-सी’ या पायाभूत लायब्ररीच्या २.२८ या आवृत्तीत क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. आधी अमेरिकन इंग्रजी लोकॅलमध्ये ‘११’ हे ‘१-१’च्या आधी यायचं (रोमन आकड्यांत लिहिलेलं), नंतर ते उलटं झालं. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? डेटाबेसचा इंडेक्स हा क्रमावरच उभा असतो. जुन्या क्रमानं लावलेल्या कपाटात नव्या क्रमानं फाइल शोधायला गेलात तर फाइल असूनही सापडणार नाही. सापडली नाही म्हणून डेटाबेस दुसरी ठेवू देतो आणि ‘युनिक’ म्हणवणाऱ्या रकान्यात एकच ईमेल दोनदा बसतो. लोकांनी फक्त लिनक्सची आवृत्ती वर नेली होती, डेटाबेसला हातही लावला नव्हता. इंडेक्स नव्यानं बांधणं हाच उपाय होता. ‘सी’ लोकॅलवाल्यांना मात्र यातलं काहीच झालं नाही.

मग मी चुकले कुठे? खरा डेटाबेस, म्हणजे संस्थेचा प्रॉडक्शन सर्व्हर, ‘सी’वर चालत नव्हता. मी हिरवी करत होते ती भलत्याच जगातली टेस्ट.

एक उदाहरण वेगाचं. ‘पाटील’नं सुरू होणारी सगळी नावं आण, असा शोध पोस्टग्रेसमध्ये ‘सी’ लोकॅल असेल तर साध्या इंडेक्सवर भर्रकन चालतो. दुसऱ्या लोकॅलमध्ये तोच इंडेक्स या कामाला चालत नाही, वेगळ्या प्रकारचा बांधावा लागतो. टेस्टमध्ये पापणी लवायच्या आत येणारं उत्तर प्रॉडक्शनला गोल गोल फिरत बसलं ते यामुळे.

दुसरं उदाहरण क्रमाचं, आणि इथे आपली मराठी येते. बाइटच्या क्रमानं ही आडनावं लावा: काळे, कावळे, काशीद, कासार. हा ‘सी’चा क्रम, कारण युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी बसवलंय. पण पहिलीत पाठ केलेली वर्णमाला आठवा: श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ. त्या हिशेबानं काळे शेवटी यायला हवेत. ‘ॲ’चं तर अजून वाईट. हे अक्षर युनिकोडमध्ये उशिरा, २००८मध्ये आलं, म्हणून त्याचा क्रमांक ज्ञ काय, देवनागरी आकड्यांच्याही पलीकडे आहे. नावापुढे ‘ॲड.’ लावणारे झाडून सगळे वकील यादीच्या तळाशी जाऊन बसतात. मराठीचे स्वतःचे क्रमाचे नियम आयसीयू नावाच्या लायब्ररीत आहेत आणि पोस्टग्रेसला ते वापरता येतात. पण सांगावं लागतं. आपोआप कुणी देत नाही.

आमच्या बाबतीत क्रम नाही, शोध नडला. अर्जात गावाचा रकाना मोकळा ठेवला होता. मुलाखतीची बोलावणी गावाप्रमाणे जायची होती. संस्थेतल्या काकांनी ‘कऱ्हाड’ टाइप केलं, जेवढे आले तेवढ्यांना फोन लावले. चार दिवसांनी एका मुलीचे वडील बसनं थेट ऑफिसात आले. अर्ज भरल्याची पावती हातात, गाव कऱ्हाड, आणि पोरीला बोलावणं नाही.

तिचा अर्ज डेटाबेसमध्ये होता. तिचं कऱ्हाडही होतं. पण ‘ऱ्ह’ लिहायच्या दोन पद्धती आहेत. एक, टिंबवाला ‘ऱ’ आणि हलन्त. दुसरी, साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही डिट्टो सारखे. पोस्टग्रेसची नेहमीची ‘सारखं आहे का’ ही तुलना बाइटन् बाइट बघते, तिच्यासाठी ही दोन वेगळी गावं. काकांचा कीबोर्ड एक लिहीत होता, तिचा मोबाइल दुसरं. युनिकोडचं प्रमाणीकरण नावाची जी सोय असते, तीही हे दोन एक करत नाही. ‘ॲ’ हे एक अक्षर आणि ‘अ’वर वेगळा चंद्र देऊन केलेलं, यांचंही तसंच. हे आपणच कोडमध्ये, साठवण्याआधी, एका रूपात आणायचं असतं. त्या मुलीची मुलाखत नंतर झाली. तिच्यासारखे आणखी किती होते ते शोधायला मला एक अख्खा शनिवार लागला, आणि ते शून्य नव्हते.

म्हणून आता मी कसं करते ते सांगते. पटलं तर घ्या.

एन्कोडिंगवर चर्चाच नाही, यूटीएफ-८. लॅपटॉप, बिल्ड सर्व्हर, प्रॉडक्शन, डेटाबेसकडे जाणारं कनेक्शन, सगळीकडे. लोकॅल मी कधीही वातावरणावर सोडत नाही, डेटाबेस तयार करायच्या आज्ञेतच लिहून टाकते. पोस्टग्रेसमध्ये एकदा डेटाबेस झाला की त्याचं डिफॉल्ट लोकॅल बदलता येत नाही, आणि वेगळं हवं असेल तर ‘टेम्प्लेट-झीरो’वरून नवा काढावा लागतो. ती एरर पहिल्यांदा आली की सगळे गोंधळतात, तुम्ही गोंधळू नका. कंटेनर वापरत असाल तर पोस्टग्रेसची अधिकृत डॉकर इमेज अमेरिकन इंग्रजी आणि यूटीएफ-८ घेऊन येते. पण आकारानं लहान म्हणून लोक ‘अल्पाइन’वाली उचलतात. तिच्यातली मूळ लायब्ररी वेगळी आहे आणि तिला लोकॅलप्रमाणे क्रम लावणं जवळपास येतच नाही. टेस्टला अल्पाइन आणि प्रॉडक्शनला दुसरं काही, हे करू नका.

टेस्टचं लोकॅल कोणतं? जे प्रॉडक्शनचं, तेच. पण क्रमाशी देणंघेणं नसलेल्या टेस्टमध्ये मी क्वेरीतच ‘या क्रमासाठी सी वापर’ असं लिहिते. ही युक्ती माझी नाही. पोस्टग्रेस बनवणारे लोक त्यांच्या स्वतःच्या टेस्टमध्ये हेच करतात. त्यांचा टेस्टचा संच चालवणाऱ्याच्या मशिनचं लोकॅल घेतो आणि तरी निकाल सारखा यावा लागतो. शिवाय तोच संच वेगळ्या लोकॅलमध्ये आणि वेगळ्या एन्कोडिंगमध्ये मुद्दाम चालवायची सोय त्यांनी ठेवली आहे. भाषेचे क्रम तपासणाऱ्या टेस्ट वेगळ्या फाइलमध्ये असतात, आणि डेटाबेस यूटीएफ-८ नसेल तर त्या गुपचूप बाजूला होतात. सगळं एकाच डिफॉल्टला बांधायचं नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले. आठवड्यातून एकदा आमचा संच तुर्की लोकॅलमध्येही धावतो. तुर्कीत लहान ‘आय’चं कॅपिटल टिंबासकट असतं, त्यामुळे कोडमध्ये कुणी निष्काळजीपणे कॅपिटल करून तुलना केली असेल तर तिथे हमखास आपटतं. आपल्याला तुर्की ग्राहक नाहीत, पण चुका फुकटात सापडतात.

आणि टेस्टमधली नावं. ‘एबीसी’, ‘टेस्ट१’, ‘अमित’ ही नावं काढून टाका. पायथनमध्ये ‘नावात फक्त अक्षरं हवीत’ अशी तपासणी लावून त्यात ‘कमल’ घाला, पास होईल. ‘राम’ घाला, नापास! काना हे पायथनच्या लेखी अक्षर नाही. फक्त कमलवर टेस्ट करणाऱ्याला हे जन्मात कळणार नाही. माझ्या यादीत राम आहे, ज्ञानेश्वरी आहे, काळे आणि कासार आहेत, एक ॲड. आहेत, नंद आणि नद असे दोघं आहेत (अनुस्वार गिळला जात नाही ना, हे बघायला), एकाच्या नावापुढे हात जोडलेला इमोजी आहे, आणि दोन्ही प्रकारे लिहिलेलं कऱ्हाड आहे.

तुमच्या प्रोजेक्टचं सबमिशन जवळ आलं असेलच. आज घरी गेल्यावर डेटाबेसला त्याचं एन्कोडिंग आणि कोलेशन विचारा, मग कॉलेजच्या लॅबमधल्या मशिनला विचारा, आणि दोन्ही उत्तरं एका कागदावर शेजारी शेजारी लिहून ग्रुपमधल्या बाकीच्यांना दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे.